चौथं उद्दिष्ट

आमच्या विभागाच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक निळा फलक लागतो. सगळ्यात वर ‘ध्येय’, त्याखाली पाच ‘उद्दिष्टं’. पूर्णाकाठ विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग नेमकं काय करू पाहतो, ते तिथे पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. विद्यार्थी त्या फलकाला टेकून मोबाइल बघतात. मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून ये-जा करते, पण भिंतीवरच्या पालीकडे जेवढं लक्ष जातं तेवढंच माझं त्याच्याकडे जायचं.

पहिली तीन उद्दिष्टं सरळ आहेत. सिद्धान्त समजावेत, प्रयोग करता यावेत, आकडेवारी वाचता यावी. पेपर घेतला की कोणाला काय येतं ते कळतं. पाचवं गोपनीयतेचं: समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं खोलीबाहेर जाऊ देऊ नये. सगळी भानगड चौथ्याची होती. ‘दुसऱ्याचं दुःख त्याच्याजवळ राहून ऐकता यावं.’ मूल्यमापन समिती आली की तिचं बोट हमखास याच ओळीवर यायचं. “छान आहे. पण हे तुम्ही मोजता कसं?” आम्ही म्हणायचो, “निरीक्षणातून.” समिती हसायची, संत्र्याची बर्फी खायची आणि जाताना गुण कापायची.

यंदा मात्र ते हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. गेल्या काही वर्षांत फोनमधले सल्लागार घरोघरी पोचले होते. आवाज माणसाचा, पण आत माणूस नाही. कधीही बोला, ऐकायला हजर. तो जांभई देत नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणून स्वतःचं पुराण लावत नाही, आणि फुकट आहे. मग माणसांना समुपदेशन शिकवणारे अभ्यासक्रम हवेत कशाला, असं वरपासून विचारलं जाऊ लागलं. ज्या विभागाला आपले विद्यार्थी खरंच ऐकतात हे आकड्यात दाखवता येईल, तोच अभ्यासक्रम टिकणार होता.

“मॅडम, चौथ्याचं औषध सापडलं,” आमचे विभागप्रमुख भोपळे सर एके सकाळी दारातूनच म्हणाले. भोपळे सर मनानं चांगले आहेत. फक्त समितीचं नाव काढलं की त्यांना लग्नघरातल्या यजमानासारखा घाम फुटतो. त्यांच्या हातात दोन राखाडी पट्ट्या होत्या, कपाळाला बांधायच्या.

त्या पट्ट्यांचं शास्त्र अवघड नाही. आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या थोडा पलीकडचा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ताजं, प्राणवायूनं भरलेलं रक्त धावतं, आणि अशा रक्तातून परतणारा प्रकाश जरा वेगळा असतो. पट्टी तो फरक टिपते आणि त्याची एक लाट काढते. दोन माणसांनी पट्ट्या बांधल्या की दोन लाटा. एकमेकांत मन घालून बोलणाऱ्या माणसांच्या लाटा बरोबरीनं चढतात आणि उतरतात, हे संशोधकांना बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं. आमच्या यंत्रानं एवढंच केलं की त्या दोन लाटा क्षणाक्षणाला ताडून पाहिल्या आणि शंभरपैकी गुण दिले. विद्यार्थ्यांनी लगेच पट्टीचं बारसं केलं: सूरपट्टी. साठ गुण मिळाले की चौथं उद्दिष्ट साध्य.

मला ती आवडली होती, हे सांगून टाकते. आयुष्यभर जे शिकवलं ते पहिल्यांदाच पडद्यावर दिसत होतं. समितीसाठीच्या अहवालातलं चौथ्या उद्दिष्टाचं प्रकरणही मीच लिहिलं. आणि परीक्षेआधी चाचणी हवी म्हणून पट्ट्या मीच एका संध्याकाळी घरी नेल्या.

घरी आम्ही दोघंच. दिवाकर, माझे यजमान, एसटीच्या आगारातून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. मुक्ता, आमची एकुलती एक, हैदराबादला. महिन्याभरापूर्वीच तिनं कळवलं होतं की ती आणि तिचा नवरा वेगळे होताहेत. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. दिवाकर मात्र नेहमीसारखे जेवत, कुंड्यांना पाणी घालत, पेपरातलं कोडं सोडवत. “तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?” हा माझा प्रश्न आमच्या लग्नाइतकाच जुना. पण त्या महिन्यात मी तो रोज विचारत होते.

पट्ट्या बांधून मी त्यांच्याशी मुक्ताबद्दल बोलले. बोलता बोलता रडले. ते ऐकत होते. मध्येच उठले, स्वयंपाकघरात जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला, परत येऊन बसले. “हं, बोल.” शेवटी यंत्रानं गुण दाखवले. एकोणीस.

आदल्याच दिवशी भोपळे सरांबरोबर समितीच्या तयारीबद्दल बोलताना माझे चौऱ्याहत्तर आले होते.

“नापास झालो म्हणायचं,” दिवाकर हसून म्हणाले. मीही हसले. तो आकडा काय सांगतो आणि काय नाही हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं. शिकवते ना मी. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या जुन्या तक्रारीवर एका यंत्रानं शिक्का मारला होता, आणि मनातल्या मनात मी तो शिक्का रोज काढून बघत होते. हळूहळू आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागू लागलो. ‘चहा घेणार का?’ ‘चालेल.’ संध्याकाळचे माझ्याजवळ बसायचे ते दिवाकर फिरायला जाऊ लागले आणि उशिरापर्यंत येईनासे झाले. वाईट वाटायचं. त्याहून वाईट हे, की थोडं बरंही वाटायचं.

---

विभागात मात्र आनंदीआनंद होता.

आमच्या विषयाची एक जुनी रीत आहे. प्रात्यक्षिकात ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, म्हणजे प्रयुक्त, विद्यार्थ्यानं आपला आपण आणायचा. आजवर कितीतरी काकू, खोलीतल्या मैत्रिणी आणि पानठेलेवाले आमच्या प्रयोगशाळेत बसून निरर्थक शब्द पाठ करून गेले आहेत. प्रयुक्त ऐनवेळी आलाच नाही, तर विभागातलं कुणीतरी बसतं. समुपदेशनाच्या परीक्षेतही तेच. प्रयुक्तानं आपली खरीखुरी अडचण सांगायची, विद्यार्थ्यानं ऐकायची, दोघांच्या कपाळाला पट्ट्या.

पोरांना मेख कळायला आठवडाही लागला नाही. गुण दोघांचे मिळून येतात, तर मग प्रयुक्तच चांगला शोधावा. जिवलग मैत्रिणींची चलती झाली. सगळ्यात मागणी मुलींच्या मेसमधल्या शेवंताबाईंना. शेवंताबाईंचा जीव इतका हळवा की भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगतानाही त्यांचे डोळे भरून येत. त्या रडू लागल्या की समोरचा विद्यार्थी रडणार, दोघांच्या लाटा हातात हात घालून वर जाणार, आणि गुण ऐंशीच्या घरात. भाजी चिरायची सोडून शेवंताबाई आमच्याकडे बसू लागल्या. चौथ्या उद्दिष्टाची साध्यता ब्याण्णव टक्क्यांवर गेली. भोपळे सरांनी त्याचा मोठा आलेख करून फलकाशेजारी लावला.

उरलेल्यांत एक होती प्रणोती तायडे. दर्यापूरकडच्या खेड्यातली, उंच, कमी बोलणारी. अभ्यासात पहिल्या पाचांत. तिनं आपल्या मावशीला आणलं आणि गुण आले एकवीस.

“अगं, तू तिच्याशी बोलत होतीस की भिंतीशी?” मी विचारलं.

“मॅडम, मी ऐकत होती.”

“ऐकताना तुला काही वाटत होतं का?”

“वाटते ना. पण मी ते थोडं बाजूला ठेवते. आमच्या मायला फिट येतात. लहानपणापासून पाहून राहिली मी. माय पडली की घरचे सगळे ओरडत. मीबी ओरडली असती, तर तिचं डोकं कोणं धरलं असतं?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते नीट पोचलं नाही. मला तिची कीव आली, एवढंच. चांगली मुलगी, पण बिचारीचं मन लहानपणीच गोठलं, असं वाटलं. पुस्तकात अशा मनाला नावंही आहेत.

दुसऱ्या वेळेला मैत्रिणींनीच प्रणोतीला शेवंताबाई मिळवून दिल्या. ‘सत्तरच्या खाली येतच नाही, डोळे मिटून बस.’ गुण आले सव्वीस. विभागात हशा पिकला. प्रणोतीनं शेवंताबाईंनाही नापास केलं, असं मुलं म्हणू लागली.

आठवड्याभरानं एका दुपारी शेवंताबाई मला मेसच्या दारात भेटल्या. “बाई, माह्यामुळं त्या पोरीचं नुकसान झालं का वं?”

“तुमची काय चूक त्यात?”

“नाही, म्हंजे मले रडूच नाही आलं ना तिच्यापुढं. सुरुवातीले आलं. मंग ती अशी बसून राह्यली. घाईच नाही पोरीले. मंग मी बोलता बोलता सुनेसंग कसं बोलाव ते ठरवूनच टाकलं. घरी गेली न् बोलली. हप्ता झाला, भांडण नाही आमच्या घरात.” त्यांनी पदरानं हात पुसले. “बाकीच्या पोरी लई मायाळू हायत. मी रडली की त्याबी रडतात. बरं वाटते. पण घरी जाईस्तोर डोकं दुखते.”

ऐकलं मी. हसलेही. आणि वर्गावर गेले.

---

प्रणोतीला शेवटची संधी समितीच्या आदल्या आठवड्यात होती. या वेळी साठ झाले नाहीत तर ती समुपदेशक होऊ शकणार नव्हती. शिक्षण पूर्ण झालं तरी प्रमाणपत्रावर चौथं उद्दिष्ट ‘असाध्य’ म्हणून छापून येणार होतं, आणि त्या छापासकट तिला कोणी दारात उभं केलं नसतं. ज्या मैत्रिणीला ती आणणार होती तिनं सकाळी कळवलं की येत नाही. कमी गुण आले तर त्याचा डाग प्रयुक्तावरही लागतो, असा समज पसरला होता. कुणाला आपण निगरगट्ट आहोत असं ऐकून घ्यायचं नव्हतं.

रीतीप्रमाणे विभागातलं कुणीतरी बसायला हवं होतं. भोपळे सर मंडपवाल्याशी बोलत होते. मी बसले.

सांगण्यासारखी एखादी किरकोळ अडचण मी ठरवून गेले होते: परीक्षेच्या कामाचा ताण वगैरे. प्रणोतीनं पट्टी नीट बसली का ते पाहिलं, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “बोला, मॅडम.”

मी परीक्षेच्या कामाबद्दल बोलू लागले. ती ऐकत होती. कुठेही ‘हो ना, हो ना’ नाही, भुवया वर नाहीत. माझी वाक्यं संपली. ती तरीही बसून होती. त्या शांततेत अवघडलेपण नव्हतं, उन्हातून आलेल्या माणसाला आधी जरा टेकू द्यावं तसं होतं. आणि कुठून कोण जाणे, मी म्हणाले, “माझ्या नवऱ्याला काही वाटत नाही.”

मग सगळंच आलं. मुक्ता, तिचं मोडलेलं घर, दुधाखालचा गॅस, एकोणीस. मी हुंदके देत होते. विद्यार्थिनीपुढे. प्रणोतीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण तिची नजर माझ्यावरून हलली नाही. माझा श्वास जरा खाली बसला तेव्हा तिनं विचारलं, “मॅडम, मुक्ताताईला रडू आलं की त्या फोन कोणाला करतात?”

‘मला’ म्हणायला मी तोंड उघडलं.

“बाबांना,” मी म्हणाले.

मला ते ठाऊक होतं. फिरायला गेलेले दिवाकर कोपऱ्यावरच्या बाकावर बसून फोनवर बोलत असतात, हे शेजारणीनं मला सांगितलं होतं, आणि मी त्याचाही राग धरला होता. मुक्तानं मला का फोन करू नये? ती माझ्याशी एकदाच बोलली होती या विषयावर, आणि त्या फोनवर मी इतकी रडले की तिनंच मला समजावलं. ‘आई, रडू नको ना. होईल सगळं नीट.’ माझ्या लेकीचं घर मोडत होतं आणि ती माझे डोळे पुसत होती.

प्रणोती यावर काहीच बोलली नाही. समजावलं नाही, निष्कर्ष काढून हातात दिला नाही. फक्त बसली. खूप महिन्यांनी माझे खांदे खाली आले.

वेळ संपली. गुण आले तेवीस.

तिनं आकडा पाहिला, पट्ट्या काढून घडी घातल्या. “तुम्हाला बरं वाटते का, मॅडम?” तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकून बाहेर गेली.

मी तिथेच बसून राहिले. मग उठून यंत्राला नुसते गुण नाही, लाटाच दाखवायला सांगितल्या. आम्ही आजवर ते केलंच नव्हतं. आकडा मिळत असताना लाट कोण बघतं? पडद्यावर माझी लाट आणि तिची. माझी सुरुवातीपासून उसळ्या मारत होती, तिची धीम्या गतीनं चालली होती. कुठेच जुळत नव्हत्या. पण निम्म्यानंतर माझी लाट उतरू लागली. हळूहळू ती प्रणोतीच्या लाटेसारखीच झाली. फक्त त्याच वेळी नाही. थोड्या सेकंदांनी मागून. तिची लाट पुढे, माझी तिच्या मागोमाग. यंत्र एकाच क्षणाच्या दोन लाटा ताडत होतं, म्हणून त्याच्या लेखी त्या जुळल्याच नव्हत्या.

मग शेवंताबाईंचे आलेख काढले. ऐंशी गुणांच्या मुलींबरोबर दोन्ही लाटा जोडीनं वर गेल्या होत्या आणि शेवटपर्यंत वरच राहिल्या होत्या. दोघी मिळून गटांगळ्या खात होत्या आणि आम्ही त्यांना शाबासकी देत होतो. प्रणोतीबरोबर मात्र शेवंताबाईंची लाट खाली आली होती, प्रणोतीच्या मागून.

आम्ही मन मोजणारी माणसं. कोण कोणाबरोबर हललं ते मोजलं, आणि कोण कोणाला घेऊन किनाऱ्याला लागलं ते पाहायचं राहून गेलं.

---

भोपळे सरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं.

“मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण प्रयुक्त तुम्ही, आणि तिला पास करा म्हणणाऱ्याही तुम्हीच? समिती काय म्हणेल? आणि एका पोरीसाठी आपण ब्याण्णव टक्के चुकीचे म्हणायचे? अभ्यासक्रमच बंद पडला तर तिची प्रॅक्टिस राहू द्या, पुढच्या कोणालाच शिकता येणार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सत्र गोपनीय असते. तुमचा आलेख दाखवायचा तर तुम्ही काय बोलल्या तेही समिती विचारेल. तुम्हाला चालेल?”

मला चालणार नव्हतं. माझा एकोणीसचा आकडा, माझ्या लेकीचं घर, पाहुण्यांपुढे मांडायचं? मी गप्प बसले. तीन दिवस गप्प बसले, आणि चौथ्या दिवशी समिती आली.

अध्यक्षबाई वयानं मोठ्या, चष्मा साखळीला लावलेल्या. भोपळे सरांचं सादरीकरण छान झालं. ब्याण्णव टक्के ऐकून सदस्यांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, “उत्तीर्ण झालेल्यांशी सगळेच गाठ घालून देतात. ज्यांना जमलं नाही त्यांच्यातलं कुणीतरी भेटवा.”

प्रणोतीला बोलावलं. ती हात मागे बांधून उभी राहिली.

“तीन वेळा बसलीस म्हणे. शेवटच्या सत्रात काय झालं ते सांग बरं. कदाचित तुझ्या बाजूनं काही असेल.”

“सांगता येणार नाही, मॅडम.”

“का?”

“प्रयुक्तानं विश्वासानं सांगितलेलं आहे.”

“प्रयुक्ताचं नाव नको सांगू. तू काय विचारलंस, तेवढं सांग. तुझं वर्ष वाचेल.”

“मी काय विचारलं ते सांगितलं तर त्यांनी काय सांगितलं ते समजून येईल.” तिचा आवाज कापत होता. मी पहिल्यांदाच तिला घाबरलेली पाहत होते. “माफ करा.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. एकदाही नाही. माझ्याकडे नुसता कटाक्ष जरी टाकला असता तरी खोलीतल्या सगळ्यांना कळलं असतं, म्हणून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. चौथ्या उद्दिष्टात नापास झालेली मुलगी पाचव्यासाठी आपलं सगळं पणाला लावून उभी होती, आणि तिला ती दोन्ही शिकवणारी मी खुर्चीत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली. मी उठले.

“प्रयुक्त मी होते. माझी परवानगी आहे.”

भोपळे सरांनी डोळे मिटून घेतले.

मी पडद्यावर माझी लाट लावली. ती कशामुळे उसळत होती ते सांगितलं: मुक्ताबद्दल तिला चालेल तेवढंच, पण एकोणीस गुण सांगितले, दुधाचा गॅस सांगितला. ती लाट खाली कुठे आली आणि कोणामागून आली ते दाखवलं. मग शेवंताबाईंच्या लाटा, त्यांचं नाव झाकून; दाखवू का, हे त्यांना मी आधीच विचारून ठेवलं होतं.

“मग तुमच्या ब्याण्णव टक्क्यांचं काय?” एका सदस्यानं विचारलं.

“ते खोटे नाहीत. ब्याण्णव टक्के मुलांचं मन समोरच्याबरोबर हललं. तेही लागतं. कधीकधी माणसाला नुसतं कुणीतरी बरोबर रडायला हवं असतं. पण त्यातल्या किती जणांनी समोरच्याला सावरलं, ते आम्हाला माहीत नाही. आम्ही बघितलंच नाही. अहवालातलं ते प्रकरण मी लिहिलंय. ते मागे घेते.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि प्रणोतीला विचारलं, “तुला माहीत होतं, तू बरोबर करते आहेस?”

“नाही, मॅडम. मले वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.”

हे वाक्य मी तीन दिवसांपूर्वी अडवू शकले असते.

---

आम्हाला कायमची मान्यता मिळाली नाही. एका वर्षाची मुदत मिळाली. चौथ्या उद्दिष्टाचे यंत्रानं दिलेले सगळे निकाल रद्द झाले. आता दोन परीक्षक सत्र ऐकतात, लाट कुठे गेली ते पाहतात, आणि आठवडाभरानं प्रयुक्ताला बोलावून विचारतात, ‘तुमचं काही हलकं झालं का?’ शेवंताबाई स्वतःहून साक्षीला आल्या. प्रणोती पास झाली आणि विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्रात बसू लागली. भोपळे सर माझ्याशी पंधरवडाभर जेमतेम कामापुरतं बोलले. मग एक दिवस केंद्राच्या बाकावर पाळीची वाट पाहत बसलेले दिसले. मी काही विचारलं नाही. त्यांनीही पेपर जरा वर धरला.

समितीच्या दिवशी घरी आले तेव्हा दिवाकर कुंड्यांपाशी होते. मी त्यांना सगळं सांगितलं, भर सभेत त्यांचा आकडा सांगितला तेही.

ते बराच वेळ माती सारखी करत राहिले. “एकोणीस मलाही लागले होते, कुंदा,” ते म्हणाले. “हसलो तेव्हा. पण मग मला वाटलं, खरंच असेल. तीस वर्षं आगारात माणसं समोर येऊन ओरडत होती, मी गाडी कधी लागेल तेवढंच सांगत आलो. तसंच घरी करतोय की काय आपण. तुझ्याजवळ बसलो की ती पट्टी आठवायची. म्हणून बाहेर जात होतो.”

“मला वाटलं, मुक्ताशी बोलायला.”

“तिच्याशीही. ती रडते, मी ऐकतो. काय बोलणार? फोन ठेवला की मग माझं मी...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला पुरं करून हवंही नव्हतं. मी त्यांचा मातीचा हात हातात घेतला. इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाला विचारत राहिले, तुम्हाला काही कसं वाटत नाही. उत्तरासाठी मात्र कधी थांबले नाही.

दिवाळीच्या थोडं आधी, एका संध्याकाळी फोन वाजला. माझा. मुक्ता होती. घटस्फोटाच्या सह्या झाल्याचं सांगता सांगता तिचा आवाज फुटला. माझ्या छातीतून तसाच जुना कढ वर आला, अगदी घशाशी. स्वयंपाकघरात दूध वर यायला लागलं होतं. दिवाकर उठले, त्यांनी गॅस बंद केला आणि येऊन माझ्याजवळ बसले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि श्वास खाली जाऊ दिला.

“हं, बोल,” मी म्हणाले.

ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. खूप वेळानं ती एकदम थांबली.

“आई? तू रडत नाहीयेस?”

“नाही गं,” मी म्हणाले. “आज तू रड.”